काउंटरला पाणी

ऑफिसात गेल्या गेल्या माझं पहिलं काम असायचं काउंटरला पाणी घालणं. हे मी एकदा माझ्या मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बरंय, झाडंबिडं आहेत म्हणजे." झाड आमच्याकडे एकही नव्हतं. ठाण्याला वर्तकनगरात एका कॉलनीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा ब्लॉक, त्यात चार कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक मोडेम आणि एकच फोनलाइन. मोडेम चालू असला की फोन बंद, फोन आला की इंटरनेट बंद. अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. दारावर 'इंटरनेट मार्केटिंग' अशी पाटी होती आणि ती वाचून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी आत यायचं आणि केबलचं कनेक्शन मिळेल का म्हणून विचारायचं.

आमचे सर आधी कंपन्यांना भेट द्यायच्या डायऱ्या आणि कॅलेंडरं छापून द्यायचे. कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं की आता कागद संपला. मग त्यांनी डायऱ्या बंद केल्या, कॉम्प्युटर आणले आणि डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये तीन महिने एचटीएमएल शिकलेली मी त्यांची पहिली 'वेब डेव्हलपर' झाले. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर तसं छापलेलं होतं. घरी आणून दाखवलं तेव्हा बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षरांमधलं अंतर सारखं नाही." बाबा आंबिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर यंत्रांची ड्रॉइंग काढलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार.

तर काउंटर. त्या काळी प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी एक काळी पट्टी असायची, तिच्यात पांढरे आकडे, आणि शेजारी 'आपण इतकावे पाहुणे आहात' असं लिहिलेलं. पान कोणी उघडलं की आकडा एकाने वाढायचा. आमची गिऱ्हाइकं बाकी काही बघायची नाहीत. घोडबंदर रोडला तेव्हा कारखाने, झाडी आणि बिल्डरांच्या पाट्या एवढंच होतं. तिथले एक बिल्डर अमेरिकेतल्या आपल्या लोकांना फ्लॅट विकायचे म्हणून आमच्याकडे आले होते. मी त्यांच्यासाठी रात्रीचा दिवस करून चाळीस पानं बनवली, फोटो लावले, गुळगुळीत मजकूर लिहिला. ते रोज फोन करून एकच विचारायचे, "आज किती झाले?" झालेले असायचे चार, त्यातले तीन आम्हीच. मग सरांनी मला युक्ती शिकवली. हा आकडा सर्व्हरवरच्या एका साध्या फाइलमध्ये साठवलेला असतो. ती खाली उतरवायची, आकडा वाढवायचा, परत वर चढवायची. पाच मिनिटांचं काम. याला आम्ही पाणी घालणं म्हणायचो. सरांचे त्यात नियमही होते. आकडा गोल येऊ द्यायचा नाही. रविवारी कमी वाढवायचा. दिवाळी, गणपतीला जास्त, कारण परदेशातल्या माणसाला सणाला घर आठवतं. "लोक येत नाहीत असं नाही गं," सर म्हणायचे. "यायचेत अजून. आपण आधीच मोजून ठेवतोय फक्त."

मला यात काही वावगं वाटलं नाही. उलट मजा वाटायची. तेवीस वर्षांची होते, आणि बिल्डरच्या तोंडावर हसू आलेलं पाहून मलाच शहाणपणाची शिंगं फुटल्यासारखं व्हायचं.

आता घरचं सांगते. डोंबिवलीच्या घरी मी आणि बाबा, दोघंच. माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, इंजिनिअर. दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडतील अशी भीती तेव्हा जगभर होती. त्या कामासाठी अमेरिकेने आपल्याकडून पोरं गोळा केली त्यात तोही गेला. त्याला जाऊन वर्ष होतंय तोच आई गेली. दुखणं आठ दिवसांचं. दादाची कागदपत्रं कुठेतरी अडकली होती. आता निघालास तर परत येता येणार नाही असं त्याला तिकडच्या कंपनीने सांगितलं. तरी खटपटी करून तो आला, पण आला तो बाराव्या दिवशी. घर माणसांनी भरलेलं. तो दारात बॅग घेऊन उभा. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "पाहुणे आलेत. चहा ठेव."

मी चहा ठेवला. हे मला स्वतःचं कधी सहन झालेलं नाही की मी खरोखरच आत जाऊन चहा ठेवला. दादाने तो घेतला, कप स्वतः विसळला आणि चौथ्या दिवशी परत गेला. जाताना बाबांच्या पाया पडला. बाबा पेपर वाचत होते.

त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. बाबांचं म्हणणं, त्याने आधी करावा. दादाचं म्हणणं, बाबांनी आधी करावा. मी एकदा आयएसडी बूथवरून त्याला फोन लावला. "बाबांनी सांगितलंय का करायला?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "मग तू कशाला मध्ये पडतेस? त्यांना बोलायचं असेल तर बोलतील ते. मी बाराव्याला आलेलो, आलेलो ना? मला जेवढं जमलं तेवढं केलं मी." मीही काही कमी नव्हते. "बस मग तिकडेच," असं म्हणून मी फोन आपटला. आमच्या घरात राग सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला होता. आईच्या वाट्याला तेवढा आला नव्हता, आणि तीच नव्हती.

बाबा कारखान्यातून निवृत्त झाले तेही त्याच साली. दिवसभर करायचं काय? आमच्या कॉलनीतली माणसं त्यांच्याकडून लग्नपत्रिकेच्या मागे छापायला हॉलचा नकाशा काढून घ्यायची. स्टेशनातून उतरून कसं जायचं, कुठे वळायचं. बाबांचा नकाशा असला की कोणी चुकत नाही असा त्यांचा लौकिक होता. लग्नसराई संपली की तेही काम बंद. मग एक दिवस त्यांनी कोणी न सांगता एक नकाशा काढला. आम्ही लहान असतानाचं डोंबिवली. रस्ते कमी, विहिरी जास्त, शाळेच्या मागे भातशेत. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आठवणीतून. प्रमाणात नाही.' ज्या माणसाने जन्मभर एक मिलिमीटर इकडचा तिकडे होऊ दिला नाही त्याने ते लिहिलं होतं. मला ते वाचून कसंसंच झालं.

मीच म्हटलं, "बाबा, हा मी इंटरनेटवर लावते." सरांना विचारलं. ते म्हणाले, "लाव की. सर्व्हरवर जागा पडून आहे. पण काउंटर टाक हं खाली. काउंटरशिवाय पान बोडकं दिसतं." मी पान केलं. वर बाबांचं नाव, खाली नकाशा, त्याखाली काउंटर. त्याच दिवशी दादाच्या ऑफिसच्या पत्त्यावर ई-मेल केला. दोनच ओळी. 'बाबांचे नकाशे इथे लावतेय. बघ वाटलं तर.' उत्तर आलं नाही. आठ दिवस वाट पाहिली आणि मग मला असा संताप आला की मी दुसरा ई-मेल केलाच नाही. बघितलं असणार आणि गप्प बसला असणार, असं मी धरून चालले.

बाबा एकदा ऑफिसात पान बघायला आले. इस्त्रीचा शर्ट घालून, डोंबिवलीहून ठाण्याला. पान उघडायला दोन मिनिटं लागली. नकाशा वरून खाली एकेक पट्टी करत उतरत होता. बाबा खुर्चीच्या टोकाशी बसून बघत होते. शेवटी काउंटर आला. तेवीस.

"हे काय?"

"एवढ्या लोकांनी पाहिलं."

"तेवीस माणसांनी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. तेवीसच्या तेवीस वेळा मीच ते पान उघडलं होतं, नीट लागलंय का बघायला. मी ते बोलले नाही.

त्यानंतर बाबा दर आठवड्याला एक नकाशा काढू लागले. आमच्या स्कॅनरची काच केवढी ते त्यांनी मला मोजून आणायला लावलं आणि बटर पेपर बरोबर तेवढ्या मापाचे कापून ठेवले. शनिवारी नकाशा तयार. सोमवारी मी तो पुठ्ठ्याच्या फाइलीत घालून ऑफिसला न्यायची. महिना-दीड महिना हे चाललं आणि मग थंडावलं. दोन शनिवार नकाशा नाही. मी विचारलं तर म्हणाले, "कोणासाठी काढायचे? ज्यांना बघायचं ते इथेच राहतात. खिडकीतून बघतील."

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. सर्व्हरवर काउंटरखेरीज आणखी एक नोंद असते, कोणत्या कॉम्प्युटरवरून पान उघडलं गेलं त्याची. ती गिऱ्हाइकांना दाखवायची नसते. ती चाळताना बाबांच्या पानासमोर मला अमेरिकेतला पत्ता दिसला. दादा! मी सरांना हाक मारणार होते. मग खाली पाहिलं तर त्याच पत्त्यावरून, त्याच मिनिटात, बिल्डरची चाळीस पानं उघडलेली, आमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची, लोणचीवाल्यांची, सहा उघडलेली, आमचं स्वतःचंही उघडलेलं. तो माणूसच नव्हता. इंटरनेटवरची पानं शोधून यादी करणारं एक यंत्र फिरत असतं, ते येऊन गेलं होतं. हे कळायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

संध्याकाळी घरी गेले. बाबा अंधार पडायला आला तरी दिवा न लावता बसले होते. मी चप्पल काढता काढता म्हटलं, "बाबा, तुमच्या पानावर अमेरिकेतून कोणीतरी येऊन गेलं."

त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. उठले, दिवा लावला आणि माझ्यासाठी चहा टाकला. शनिवारी नकाशा तयार होता.

पुढच्या आठवड्यात जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अमेरिका?"

"एक," मी म्हटलं.

मग ते ठरूनच गेलं. दर शुक्रवारी, भात वाढून घेताना, "अमेरिका?" आणि मी, "एक." दादाचं नाव दोघांपैकी कोणी घ्यायचं नाही. एकदा मी "नाही, या आठवड्यात नाही" म्हणून पाहिलं. खोटं किती ताणायचं असं मला वाटलं होतं. बाबा ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घासही घेतला नाही. "आजारी असेल," म्हणाले. "तिकडे थंडी फार असते ना?" मी घाईघाईने म्हटलं की नोंद उशिरा येते, उद्या बघते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आला होता. आणि मी बाबांच्या काउंटरलाही पाणी घालू लागले, कारण बाबा आता दुपारी ऑफिसात फोन करून विचारायचे, "आकडा किती?" बिल्डर विचारायचे तसंच. चारशे, सातशे, हजार. मी आकडा गोल येऊ देत नव्हते.

नकाशे बदलत गेले. आधीचे सगळ्यांचे होते, बाजाराचा, तलावाचा, स्टेशनाबाहेरचा. आता येत होते ते जगात एकाच माणसाला कळतील असे. आमच्या जुन्या घरापासून खाडीपर्यंतची वाट. तिच्यात ठिपक्याठिपक्यांची रेघ आणि एका ठिकाणी फुली, 'इथे सायकल पाण्यात गेली'. पलीकडे कोळणीचं घर, 'हिने टॉवेल दिला'. दहावीच्या परीक्षेच्या केंद्रापासून घरापर्यंतचा रस्ता, त्यात उसाच्या रसाचं दुकान. कारखान्याच्या गेटबाहेरचं वडाचं झाड. तिथे दादा लहानपणी आईबरोबर बाबांचा डबा घेऊन जायचा. एका नकाशात आमच्या दोन खोल्याच काढल्या होत्या, पलंग, ट्रंक, मोरी सगळं. दाराशी एक छोटा चौकोन होता आणि त्यात काही लिहिलेलं नव्हतं. तो मी स्कॅन केला तेव्हा मला समजलं की ती बॅग आहे. बाबा बोलत होते. ज्या माणसाला तोंडाने कधी जमलं नाही तो हाताने बोलत होता, आणि ऐकायला मी आणि ते यंत्र.

तरीही मी खरं सांगितलं नाही. आज मला तेव्हाच्या त्या मुलीला धरून हलवावंसं वाटतं.

पुढच्या दिवाळीच्या आधी दादाचा शाळेतला मित्र फराळाला आला. तो दादाच्या संपर्कात होता. त्याने बाबांना एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "काका, हा त्याचा नवीन नंबर. नोकरी बदलली ना त्याने, गावही बदललं. गेल्या वर्षीच. एक सांगू का? रागावू नका. तो म्हणतो, बाबांचा एक फोन येऊ दे, पुढच्या विमानाने येतो की नाही बघ. त्याचा जीव अडकलाय हो."

मित्र गेल्यावर बाबांनी तो नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाडव्याच्या चौकोनात लिहिला. त्यांच्या त्या ड्रॉइंगच्या सरळ, सारख्या अंतराच्या आकड्यांत.

आणि मी स्वयंपाकघरात चकल्यांचा डबा हातात धरून उभी. गेल्या वर्षी नोकरी बदलली. म्हणजे मी ई-मेल केला तो जुन्या ऑफिसात गेला. म्हणजे दादा ते पान बघून गप्प बसला नव्हता, त्याला असं काही पान आहे हेच माहीत नव्हतं. वर्षभर मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते, ते सगळं फुकट.

पाडव्याला संध्याकाळी सातच्या सुमाराला बाबा आतून बाहेर आले. अंघोळ करून, नवा शर्ट घालून. "तिकडे आत्ता सकाळ असेल ना?" म्हणाले. "बूथवर जाऊन येऊ. तू नंबर लावून दे, मला ते लांबलचक जमायचं नाही." खाली बसून त्यांनी पायात चपला चढवल्या. मी कॅलेंडरवरचा नंबर कागदावर उतरवून घेतला. दाराची कडी काढली. तेवढ्यात बाबा म्हणाले, "काय बोलावं गं आधी? नकाशांचंच विचारतो. सायकलचा पाहिलास का, म्हणतो. तिथून बोलणं निघेल." आणि मग, दर शुक्रवारी विचारायचे तसं, "या आठवड्यात अमेरिका?"

माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. बूथच्या काचेच्या खोलीत बाबा विचारतील, सायकलचा पाहिलास का. पलीकडून दादा म्हणेल, कुठला सायकलचा? बाबा रिसीव्हर धरून माझ्याकडे बघतील. वर्षभराचे ते सगळे 'एक' माझ्या अंगावर येतील.

"दोन," मी म्हटलं. "या आठवड्यात दोनदा आला."

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की सणाचा त्यांना आनंद व्हावा म्हणून मी एकाचे दोन केले. ते खरं नाही. मी घाबरले होते, आणि बाबांना मी चांगली ओळखत होते.

"दोनदा?" ते म्हणाले. चेहरा असा उजळला की मी आजही डोळे मिटले तर दिसतो. "सणाचा दोनदा आला." मग एक चप्पल काढली, मग दुसरी. "मग कशाला उगाच फोनवर? बोलायला गेलं की माझं काहीतरी चुकतं. तोंडातून भलतंच निघतं, मागे निघालं तसं. हे चाललंय ते बरं चाललंय. तो येतोय, बघतोय." आणि आत जाऊन टेबलाशी बसले.

मी कडी परत लावली. ठरवलं होतं की मीच दादाला फोन करायचा, सगळं सांगायचं, त्याला पानाचा पत्ता द्यायचा, सगळे नकाशे बघायला लावायचे आणि मग बाबांशी बोलणं करून द्यायचं. त्याला काय सांगायचं याची मी रोज गाडीत उजळणी करायची. पण त्याच सुमारास बिल्डरांचं दुसरं संकुल निघालं, नवी पानं, नवे फोटो. या रविवारी, पुढच्या रविवारी, असं करत मी सहा आठवडे काढले.

बाबा मार्गशीर्षात गेले. सकाळी मी ऑफिसला निघाल्यावर ते दूध आणायला उतरले आणि जिन्यातच बसले. शेजाऱ्यांनी ऑफिसात फोन केला तो लागला नाही, कारण मोडेम चालू होता. मी काउंटरला पाणी घालत होते.

कॅलेंडरवरचा तो नंबर मी त्या दिवशी पहिल्यांदा लावला. पलीकडे एकाच रिंगमध्ये उचलला. "बाबा?" दादा म्हणाला.

भारतातून फोन आलाय एवढं कळतं बहुतेक तिकडे. मी त्याला सांगितलं.

तो तिसऱ्या दिवशी पोचला. यावेळी दारात त्याला कोणी काही म्हणालं नाही. तो बाबांच्या टेबलाशी जाऊन बसला आणि नकाशांची फाइल उघडली. एकेक बटर पेपर उजेडाकडे धरून बघत होता. सायकलचा आला तेव्हा तो हसला, आणि खोलीचा आला तेव्हा त्याने फाइल मिटली. "हे कधी काढले?" त्याने विचारलं. मी त्याला पानाचं सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं. तेरावा झाल्यावर तो म्हणाला, मला दाखव, म्हणून मी त्याला वर्तकनगरला घेऊन गेले. सर उठून दुसऱ्या खोलीत गेले.

पान हळूहळू उतरलं. दादाने एकही नकाशा सोडला नाही. दुपार झाली. शेवटी तळाशी काउंटर. चार हजार एकशे सदतीस.

"एवढी माणसं बघायची?" तो म्हणाला. "बाबांना माहीत होतं?"

मग मी त्याला पाणी घालण्याचं सांगितलं. ते यंत्र सांगितलं, दर शुक्रवारचं 'अमेरिका?' सांगितलं. रडत रडत सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे त्यांना वाटायचं मी येतो," तो म्हणाला. "चांगलं केलंस गं तू. तेवढं तरी सुख मिळालं त्यांना."

"खरे किती?" त्याने विचारलं.

"मोजायचं तर तू पहिला."

मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "नंबर पोचलेला ना त्यांना? मला मित्राने कळवलेलं, दिलाय म्हणून. पाडव्याला मी कामावर गेलेलोच नाही. फोनपाशी बसलेलो दिवसभर. एकदा तरी त्यांच्या मनात आलं का गं? एकदा तरी उठले का?"

सांगण्यासारखं एकच वाक्य होतं. चपला घातल्या होत्या. एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण पुढे तो विचारणार, मग काढल्या का? पाठीवरचा त्याचा हात अजून तसाच होता.

"तुला माहितीयेत ना बाबा," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. त्यालाही तेच अपेक्षित होतं.

ते ऑफिस पुढे बंद झालं, ते पानही गेलं. दादा तिकडेच राहिला. दर रविवारी त्याचा फोन येतो. चुकवत नाही. त्याचा मुलगा आता मोठा आहे आणि त्यांचं पटत नाही. मागच्या महिन्यात म्हणाला, "माझ्याशी बोलतच नाही गं तो. मी पण नाही करणार आधी फोन. आजोबांवरच गेलाय, दुसरं काय. मरेपर्यंत एक फोन नाही केला त्या माणसाने."

"हो रे," मी म्हटलं. "हट्टीच होते बाबा."